टाच दिसेल इतकी

“आणि यातली सगळ्यात लांबचं ओढून आणणारी कुठली, चाचा?”

अमीनचाचा शिकलगार एका लेन्सच्या पोटात चढलेली बुरशी पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय ओढून आणायचंय?”

“सूर.”

“कुणाचा?”

“यल्लू हाकेचा. खो-खोत ती खांबावर सूर मारती, तो. पाय जमिनीवर न्हाई, हात जमिनीवर न्हाई, सगळं अंग हवेत. असा एकच फोटो पायजे. एकच.”

चाचांनी फडकं बाजूला ठेवलं.

मिरजेच्या त्या गल्लीत शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याची तार लावत होतं. एकच स्वर पुन्हा पुन्हा भिंतीतून येत होता. चाचांच्या घराण्यात बाकी सगळे तंबोरे-सतारीच करायचे. हे एकटे कॅमेऱ्याकडे वळले. चाळीस वर्षं त्यांनी कुस्तीची मैदानं पाहिली, कबड्डी पाहिली, खो-खो पाहिला. मग गुडघ्यांनी नकार दिला. आता ते दुकानात बसून लेन्स दुरुस्त करत, आणि कुणी विचारलं तर दोन शब्द बोलत. तिसरा शब्द सहसा बोलत नसत.

बिरूनं खांद्यावरचा कॅमेरा काढून काउंटरवर आदळला. अलगद ठेवणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

कॅमेऱ्याचा पट्टा मध्ये तुटलेला होता. चांभाराकडून लाल दोऱ्यानं शिवून घेतलेला. चाचांची नजर त्या दोऱ्यावर थांबली.

“हा सिद्धूचा.”

“व्हय. मी त्याचा धाकटा भाऊ. बिरू.”

“तो का नाही आला?”

बिरूनं फरशीकडे पाहिलं.

“तो न्हाई आता. चार महिनं झालं. कावीळ झाली, ती उतरलीच न्हाई.”

…

तंबोऱ्याची तार पुन्हा वाजली. पुन्हा वाजली.

चाचांनी कोपऱ्यातली अल्युमिनियमची किटली उचलून बिरूपुढं धरली.

“चौकातल्या गाड्यावरून चहा आण. मग बोलू.”

बिरूचा हात पुढं आला नाही. उलट तो पाऊलभर मागं सरकला.

“चहा मी आणत न्हाई.”

असं उत्तर त्या दुकानात आजवर कुणी दिलं नसेल. पण चाचा रागावले नाहीत, का म्हणून विचारलंही नाही. किटली जागेवर ठेवली आणि म्हणाले,

“बोल मग.”

बिरू बोलला. त्याला थोडक्यात बोलता येत नसे, सहावीतच शाळा सोडल्यानं असेल किंवा स्वभावच असेल, पण तो बोलायला लागला की एका दमात सगळं ओतायचा.

सिद्धू कुरणवाडीत पोरींचा खो-खोचा संघ चालवायचा. हा कॅमेरा त्यानं त्यासाठीच घेतला होता. सरावात पोरींचे फोटो काढायचा आणि संध्याकाळी त्यांना त्यांच्याच चुका दाखवायचा. बघ, कोपर वाकलं. बघ, मान खाली गेली. पण पुरा सूर त्याला कधी मिळाला नाही. सूर मारायची वेळ आली की तो कॅमेरा विसरून ओरडायलाच लागायचा. संघाच्या खोलीत भिंतीवर त्यानं एक रिकामी चौकट टांगून ठेवली होती. तिच्याखाली खडूनं लिहिलं होतं, ‘यात सूर बसवायचा.’

खडू अजून पुसलेला नव्हता.

“आता जिल्ह्याची स्पर्धा हाय. हितंच, मिरजेच्या मैदानावर. तीन रविवार, तीन सामनं. जिंकत गेलो तर. मग यल्लू पुण्याच्या संघात जाणार. कायमची. त्याच्या आधी चौकट भरायची, चाचा. दुसरं मला काय नको.”

“खांबाजवळ जाऊन बसता येतं की.”

“न्हाई बसू देत. खांबामागं वीस पावलांवर दोरी बांधलीया. दोरीच्या आत फोटोवाल्याला बंदी. म्हणून तर लांबची पायजे.”

चाचांनी कपाट उघडलं आणि तीन लेन्स काउंटरवर ओळीनं ठेवल्या.

पहिली कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढी लांब. तिच्यावर आकडे होते, दीडशे ते सहाशे. आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ, एवढं बिरूला सिद्धूकडून कळलं होतं.

दुसरी आखूड, चकचकीत. अठरा ते तीनशे. जवळचं लांबचं, सगळं एकातच.

तिसरी जुनी. ऐंशी ते दोनशे. कडेचा रंग घासून आतलं पितळ दिसत होतं, तोंडाशी एक पोचा होता आणि वजन पाट्याच्या दगडाएवढं.

“कुठली घेऊ?” बिरूनं विचारलं.

“तुला कुठली हवी?”

“सगळ्यात लांबची!”

“घेऊन जा. सामना झाला की परत आण.”

बिरूला वाटलं होतं, म्हातारा काहीतरी सांगेल. लेन्सचं, उजेडाचं, कशाचं तरी. चाचांनी फक्त एक अट घातली.

“कॅमेऱ्यामागची काच बघायची नाही. फोटो आला की नाही ते तिथं तपासायचं नाही. आधी इथं यायचं आणि मला सांगायचं, काय दिसलं.”

“तुम्हीच बघा की आल्यावर.”

“मी फोटो बघणार नाही. तू सांगायचं.”

बिरू हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा. ही काय अट झाली?

*

पहिला रविवार. कुरणवाडी जिंकली. सात गुणांनी.

बिरू धावत दुकानात आला. घामानं निथळत होता. गळ्यातली ती लांबलचक लेन्स पोटावर आपटत होती.

“काय दिसलं?” चाचांनी विचारलं.

“चाचा, काय न्हाई दिसलं ते विचारा! यल्लूच्या वरच्या ओठावरचा घाम दिसला. दात आवळलं ते दिसलं. डोळं मिटलं न्हाईत तिनं, सूर मारताना सुद्धा उघडं! असं वाटलं नाकाला नाक लागतंय. एक एक गोष्ट दिसली.”

“सगळं दिसलं?”

“सगळं!”

“मग नाही मिळालं.”

बिरूचा चेहरा पडला. कारण त्यानं अट मोडून मैदानावरच काच पाहिली होती. एका फोटोत नुसता खांब होता. एकात धूळ. एकात यल्लूच्या बनियनवरचा आकडा आणि अर्धा कान.

“लेन्सच वाईट हाय,” तो म्हणाला. “लय जवळ आणती. ती हालली की चौकटीतनं गायबच.”

“मग दुसरी ने.”

दुसरी नेली. सगळं एकातच असणारी.

दुसरा रविवार. उपांत्य सामना. कुरणवाडी पुन्हा जिंकली, पण घासून, फक्त दोन गुणांनी. शेवटच्या मिनिटाला यल्लूनं खांबावर असा सूर मारला की समोरच्या संघातल्या बायासुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या.

बिरू या वेळी धावत आला नाही. ताडताड चालत आला. दारातच बोलायला लागला.

“दिसलं. आता विचारू नका, सगळं दिसलं! रिंग फिरवून लांबचं घेतलं, जवळचं घेतलं, बरोब्बर घेतलं. यल्लू खांबापाशी आली, उडाली, हात खांबाच्या पलीकडं गेला, बोटं त्या पोरीच्या पाठीला लागली, छातीवर पडली. सुरुवातीपासनं शेवटपर्यंत पापणी हालवली न्हाई मी. बोट बटणावर धरूनच ठेवलं, खटाखट खटाखट. हा घ्या!”

त्यानं कॅमेरा पुढं केला. चाचांनी घेतला नाही.

“पुरा सूर दिसला?”

“पुरा!”

“मग नाही मिळालं.”

“तुम्ही न बघताच कसं म्हणता?” बिरू ओरडला. शेजारची तार थांबली.

“मिळालं का?”

…

“न्हाई.”

सिद्धूचा कॅमेरा जुना. बोट दाबून धरलं की सेकंदाला तीन फोटो काढायचा. एका फोटोत यल्लू उभी होती. पुढच्यात आडवी पडलेली. मधलं सगळं, ज्याच्यासाठी चौकट टांगली होती ते, दोन फोटोंच्या फटीतून निसटून गेलं होतं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” बिरू म्हणाला. “मुद्दाम भिकार लेन्स देता. मजा बघता.”

चाचांनी किटली उचलून त्याच्यापुढं धरली.

“डोकं शांत कर. चहा आण.”

“सांगितलं ना, चहा आणत न्हाई म्हणून!”

बिरूच्या हाताचा फटका बसून किटली फरशीवर पडली. झाकण गडगडत कपाटाखाली गेलं.



बिरूच उकिडवा बसला. कपाटाखाली हात घालून झाकण शोधायला लागला. ते सापडेना. तिथंच, तोंड कपाटाकडे करून, तो बोलायला लागला.

“दवाखान्यात आठ दिवस मी त्याच्या उशाशी होतो, चाचा. आठ दिवस. रात्री झोपलो न्हाई. मला वाटायचं, मी बघतोय तवर ह्याला काय हुत न्हाई. आठव्या दिवशी चार वाजता त्यानं डोळं उघडलं. चांगला बोलला. म्हणाला, ‘बिऱ्या, चहा प्यावासा वाटतोय रे. घेऊन ये.’ मला केवढा आनंद झाला. थर्मास घेऊन उड्या मारत जिना उतरलो. गाड्यावर गर्दी होती. दहा मिनटं लागली असतील. दहाच…”

…

“वर आलो तर चादर तोंडावर.”

झाकण त्याच्या हाताला लागलं होतं. तो ते बाहेर काढत नव्हता.

“दहा मिनटं नजर काढली मी. तेवढ्यात गेला. तवापासनं मी कशावरची नजर काढत न्हाई. काय व्हायचं ते माझ्या डोळ्यादेखत होऊ दे.”



मग चाचांनी कॅमेरा जवळ ओढला. वरची एक कळ फिरवली. काहीतरी मोजल्यासारखं करून थांबले.

“इकडे ये. डोळा लाव. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघ.”

बिरूनं डोळे पुसले आणि डोळा लावला.

“दिसतंय?”

“दिसतंय.”

“दाब.”

बिरूनं बटण दाबलं. आत खट झालं. घड्याळ गेलं, भिंत गेली, सगळं काळंकुट्ट झालं. मग पुन्हा खट. घड्याळ परत आलं.

“काय दिसलं?”

“काय न्हाई. बंद पडला की काय?”

“बंद नाही पडला. आत आरसा आहे. तो तुला समोरचं दाखवतो. पण तो खाली आहे तोवर उजेड आत जाऊ शकत नाही. फोटो निघायचा तर आरशाला वर जावं लागतं. तो वर असतो तेव्हा तुला अंधार. एरवी डोळा लवतो तेवढाच असतो, म्हणून तुझ्या ध्यानात आलं नाही. आता मी तो सेकंदभर केला.”

बिरूनं पुन्हा डोळा लावला. पुन्हा दाबलं. अंधार. घड्याळ. पुन्हा दाबलं. अंधार. घड्याळ.

तो सावकाश म्हणाला, “म्हंजे… फोटो निघतो तवा काढणाऱ्याला दिसतच न्हाई?”

“चाळीस वर्षांत मी माझा एकही फोटो निघताना पाहिला नाही.”

…

“मग दाबायचं कवा?”

“ते मला काय माहीत? यल्लूला मी शिकवलेलं नाही.”

चाचांनी कळ पुन्हा जागेवर फिरवली आणि तिसरी लेन्स त्याच्यापुढं सरकवली. जुनी, पोचा पडलेली. आणि तिच्याबरोबर काळ्या चिकटपट्टीचा एक गुंडा.

“हिची रिंग सैल आहे. एका जागी थांबत नाही. तुला जिथं हवी तिथं धर आणि वर पट्टी गुंडाळ. एकदा गुंडाळली की सामना संपेपर्यंत सोडायची नाही.”

“कुठं धरू? कितीवर?”

चाचांनी पुन्हा बुरशीचं फडकं हातात घेतलं होतं.

*

त्या आठवड्यात बिरू टेम्पो चालवायच्या कामावर गेला नाही. रोज संध्याकाळी कुरणवाडीच्या मैदानावर खांबामागं वीस पावलं मोजून बसला.

पोरी सराव करायच्या. तो डोळ्याला कॅमेरा लावून रिंग फिरवत राहायचा.

दोनशेवर नेली की यल्लूचं तोंड मोठं दिसे. लय झकास दिसे. मोह व्हायचा, इथंच पट्टी लावावी. पण बटण दाबायचं कधी ते कळायचं नाही. तोंड काही सांगतच नव्हतं.

ऐंशीवर आणली की सगळं मैदान दिसे, आणि यल्लू मुंगीएवढी.

बुधवारी यल्लू त्याच्यावर खेकसली.

“बिरूदादा, ते नळकांडं पिळत बसलायस ते बसलायस! सर असतं तर एव्हाना दहा वेळा टाच टाच करून कान किटवलं असतं.”

बिरूचा हात रिंगवरच थांबला.

टाच.

सिद्धू ओरडायचा तो हाच शब्द. मैदानाच्या कडेला शेजारी बसून बिरूनं तो हजार वेळा ऐकला होता. यल्लू सूर मारायच्या आधी कधी हात हलवायची नाही, मान झुकवायची नाही, समोरच्याला काही कळू द्यायची नाही. पण तिची डावी टाच उचलली जायची. बोटभर. त्या टाचेवरून सिद्धूला कळायचं. तिची टाच उचलली की इकडे सिद्धू ओरडायचा, “टाच!” आणि शब्द संपायच्या आत पोरगी हवेत.

बिरूनं रिंग मागं घेतली. आणखी मागं. यल्लूचं डोकं चौकटीत, हात चौकटीत, कंबर, गुडघा…

टाच चौकटीत आली तिथं तो थांबला. आकडा किती ते त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पट्टी काढली आणि तीन वेढे गुंडाळले.

*

तिसरा रविवार. अंतिम सामना. दुपारी चारची वेळ.

मैदानाभोवती एवढी माणसं की झाडांवरही पोरं चढलेली. हलगी घुमत होती. दोरीमागं फोटोवाल्यांची रांग होती. बिरूच्या शेजारी जाकीट घातलेला एक पेपरवाला होता, त्याच्या हातात पांढरी, मांडीएवढी लेन्स. त्यानं बिरूच्या लेन्सकडे पाहिलं आणि फिस्सकन हसला.

“काय रे, हिला फ्रॅक्चर झालंय का?”

“व्हय. प्लास्टर हाय,” बिरू म्हणाला. “सामना संपला की काढायचं.”

समोरचा संघ धोंडेवाडीचा. त्यांची एक उंच पोरगी होती, केसांना लाल फीत बांधलेली. ती कुणाच्या हाताला लागेना. मिनिटामागून मिनिट गेलं, ती बसलेल्या पोरींच्या पाटीतून वाऱ्यासारखी पळत राहिली. गुण सारखे झाले. घड्याळात वीस सेकंद उरले. कुरणवाडीला एक गडी हवा होता. एक गडी, आणि कप.

“खो!”

यल्लू उठली.

लाल फीत खांबाकडे पळाली. खांबाला वळसा घालून पलीकडे निसटायचं, एवढंच तिला करायचं होतं.

पेपरवाल्याची लेन्स गर्रकन फिरली. खटाखट सुरू झालं.

बिरूचं बोट बटणावर होतं. टेकलेलं, दाबलेलं नाही.

त्याला लाल फीत दिसत होती. खांब दिसत होता. यल्लूचं वाकलेलं अंग दिसत होतं. सगळं बघावं, शेवटपर्यंत बघावं, पापणी लवू देऊ नये असं त्याच्या अंगातलं कणन्‌कण सांगत होतं. लागलेत का हात, पोचली का, काय झालं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कसं सोडायचं?

दहा सेकंद.

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात टाच उचलली. बोटभर.

“टाच!” कुणीतरी ओरडलं. ते आपणच ओरडलो हे बिरूला नंतर कळलं.

त्यानं दाबलं. एकदाच.

अंधार.

डोळा लवतो तेवढाच. पण त्या अंधारात बिरू मैदानावर नव्हता. तो जिन्यावर होता, हातात गरम थर्मास घेऊन, वर चढत… आणि या वेळी तो घाबरला नाही.

उजेड आला तेव्हा यल्लू जमिनीवर आडवी होती, तोंडात माती. लाल फीत गुडघ्यावर बसलेली होती. पंचांचा हात वर गेला. शिट्टी.

मग जो कल्लोळ उठला! हलगी नुसती पिसाटली. बाकावरच्या पोरी उसळून मैदानात घुसल्या, यल्लूवर पडल्या, त्यांच्यावर आणखी पडल्या. कुरणवाडीची माणसं एकमेकांना उचलून फेकायला लागली. कुणीतरी गुलालाची अख्खी परातच हवेत उधळली. कुरणवाडी जिल्ह्यात पहिली आली होती. चार झाडं आणि एक विहीर असलेली कुरणवाडी!

“आयला, माझा मधलाच निसटला,” पेपरवाला कपाळाला हात लावून म्हणाला. “तुला मिळाला का रे?”

“ठाऊक न्हाई.”

“मग बघ की मागं!”

बिरूनं मागच्या काचेवर तळवा ठेवला आणि गर्दीतून वाट काढत पळत सुटला.

*

“काय दिसलं?”

बिरू पळतच आला होता. तो काउंटरला धरून उभा राहिला. केसांत गुलाल, डोळ्यांत पाणी, गुलाल ओघळून हनुवटीपर्यंत आलेला.

“टाच दिसली.”

“मग?”

“मग… काय न्हाई दिसलं, चाचा. अंधार.”

“मग मिळालं.”

चाचांनी हात पुढं केला. तीन रविवारांत पहिल्यांदा. बिरूनं काचेवरचा तळवा काढला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. या वेळी अलगद दिला.

चाचांनी चष्मा लावला. काच उजळली. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग कॅमेरा बिरूकडे वळवला.

यल्लू हवेत होती. खांबाच्या बाजूनं, जमिनीला समांतर, टाचेपासून बोटांपर्यंत सरळ ताणलेली. खाली तिची सावली एकटीच पडली होती, तिला कुठंही न चिकटता. उजव्या हाताची दोन बोटं लाल फितीच्या पोरीच्या पाठीला नुकती टेकत होती. त्या पोरीला अजून कळलंही नव्हतं.

बिरूनं तोंडावर हात ठेवला.

बाहेर हलगी जवळ येत होती. बिरू कुठं पळाला ते पोरींनी पाहिलं होतं, त्या कप डोक्यावर घेऊन नाचत मागोमाग गल्लीत शिरल्या. सगळ्या दुकानात घुसल्या. मुंगीला जागा उरली नाही. चाचांच्या पांढऱ्या दाढीला कुणीतरी गुलाल लावला.

“आला का? दाखव की! दाखव, बिरूदादा!”

यल्लूनं कॅमेरा हिसकावून घेतला.

“अगं बया! ही मी हाय?”

सगळ्या तिच्या खांद्यांवरून वाकल्या. ओरडल्या. मग यल्लूनं डोळे बारीक केले. काच नाकाशी नेली. रोज संध्याकाळी सिद्धू दाखवायचा तेव्हा बघायची, तसं बघायला लागली.

“डावं कोपर वाकलंय,” ती म्हणाली. “सर लय ओरडलं असतं.”

एक पोरगी हसली. दुसरी हसली. मग सगळ्या हसल्या, आणि हसता हसता त्यांतल्या दोघी रडायला लागल्या, आणि बिरूही, आणि तरी हसणं काही थांबलं नाही.

“जाताना वाटेतच छापून घेऊ,” यल्लू म्हणाली. “आज राती चौकट भरायची. त्याबगर मी पुण्याला जात न्हाई.”

बिरूनं लेन्सवरची पट्टी नखानं सोडवली. एक वेढा, दोन, तीन. लेन्स कॅमेऱ्यापासून काढून त्यानं काउंटरवर ठेवली. पोचा पडलेली बाजू आपल्याकडे.

“चाचा, पुढच्या साली पोरी राज्याला खेळणार. मला लेन्स पायजे. माझी, कायमची.” त्यानं कपाटातल्या बाकीच्या दोघींकडे पाहिलं. मग हिच्याकडे. “तीन रविवार झालं विचारतोय. आता तरी सांगा. कुठली घेऊ?”

पोरी पुढं झुकल्या. सगळ्यांनाच उत्तर ऐकायचं होतं.

…

शेजारी तंबोऱ्याची तार वाजली. या वेळी ती बरोबर लागली होती.

अमीनचाचांनी कोपऱ्यातली किटली उचलली, झाकण घट्ट बसवलं आणि ती बिरूच्या हातात दिली.

“आधी सगळ्यांना चहा घेऊन ये. मी इथंच आहे.”